पुस्तकातला बाण आणि पेशीतली कात्री

दहावीच्या 'विज्ञान आणि तंत्रज्ञान, भाग २' या २०१८ साली आलेल्या पाठ्यपुस्तकाचा पहिला धडा 'आनुवंशिकता व उत्क्रांती' हा आहे. डीएनएवरील माहितीनुसार प्रथिन कसे तयार होते, हे त्यात प्रतिलेखन, भाषांतरण आणि स्थानांतरण अशा टप्प्यांनी सांगितले आहे. वर्गात हा भाग शिकवताना आपण फळ्यावर बहुधा तीन शब्द लिहितो आणि त्यांच्यामध्ये दोन बाण काढतो. डीएनएपासून आरएनए, आरएनएपासून प्रथिन. विद्यार्थी तेवढे उतरवून घेतात, परीक्षेत लिहितात आणि गुणही मिळवतात.

या दोन बाणांपैकी पहिल्या बाणाविषयी आमची तक्रार आहे. दहावीच्या पुस्तकात सगळेच मावत नाही, हे आम्हाला मान्य आहे. विषय सोपा करून सांगणे हे पाठ्यपुस्तकाचे कामच आहे. पण काही सुलभीकरणे पुढे वाढवता येतात, तर काही पुढच्या समजुतीच्या आड येतात. डीएनएमध्ये जे लिहिले आहे त्याची जशीच्या तशी नक्कल आरएनएमध्ये उतरते आणि त्यावरून प्रथिन बनते, अशी समज हा बाण देतो. त्यातून 'जनुक म्हणजे जन्मतः लिहिलेली कुंडली' आणि 'जनुकाचा रोग म्हणजे आईबापांकडून आलेला रोग' या दोन कल्पना नकळत मुलांच्या मनात घर करतात. कर्करोगाच्या बाबतीत या दोन्ही कल्पना घातक ठरतात.

शहापूर आणि मुरबाड या ठाणे जिल्ह्यातील तालुक्यांतल्या शाळा डोळ्यांसमोर ठेवून आम्ही हे लिहीत आहोत. येथे आदिवासी पाडे आहेत, आश्रमशाळा आहेत. शहापूरला एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे. विद्यार्थ्यांना दर आठवड्याला लोहाची निळी गोळी देण्याची योजना शिक्षकांच्याच हातून राबवली जाते. आदिवासी भागांत सिकलसेलची तपासणी होते. घरांतून मशेरी लावली जाते, तंबाखू खाल्ली जाते. कर्करोगाचे निदान झाले की शहापूरकर आसनगावहून लोकल धरतो, मुरबाडकर एसटीने कल्याण गाठतो आणि दोघेही परळला जातात. अशा गावात विज्ञानाच्या शिक्षकाला 'हा रोग घराण्यातला का?' हा प्रश्न कधी ना कधी विचारला जातोच. फळ्यावरच्या बाणातून त्याचे बरोबर उत्तर निघत नाही.

बाणाच्या पोटात काय आहे

१९७७ साली फिलिप शार्प आणि रिचर्ड रॉबर्ट्‌स यांच्या प्रयोगशाळांनी स्वतंत्रपणे दाखवून दिले, की जनुकातील मजकूर सलग नसतो. ॲडिनोव्हायरस या विषाणूचा आरएनए त्याच्याच डीएनएशी जुळवून पाहिला, तेव्हा डीएनएचे काही भाग जोडीदाराविना वेटोळ्यासारखे बाहेर राहिलेले इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसले. डीएनएमधील ते भाग तयार आरएनएमध्ये नव्हतेच. या शोधाबद्दल दोघांना १९९३ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

जनुकाची आधी संपूर्ण नक्कल होते. मग त्या कच्च्या आरएनएतील मधले भाग कापून टाकले जातात आणि उरलेले तुकडे एकमेकांना जोडले जातात. राहणाऱ्या तुकड्यांना एक्झॉन म्हणतात, काढून टाकलेल्यांना इन्ट्रॉन. या कापण्या-जोडण्याला स्प्लायसिंग असे नाव आहे. हे सारे पेशीकेंद्रकातच होते आणि त्यानंतर संदेशवाहक आरएनए बाहेर पडतो.

हे प्रमाण किती मोठे आहे, ते हिमोग्लोबिनच्या उदाहरणाने पाहू. हिमोग्लोबिनमधील बीटा साखळीत १४६ अमिनो आम्ले असतात. प्रत्येकासाठी तीन अक्षरे धरली तर ४३८ अक्षरे पुरेत. प्रत्यक्षात बीटा ग्लोबिनचे जनुक सुमारे १६०० अक्षरांचे आहे. त्यात तीन एक्झॉन आणि दोन इन्ट्रॉन आहेत, आणि दुसरा इन्ट्रॉन एकटाच साडेआठशे अक्षरांच्या आसपास भरतो. म्हणजे नकलेचा मोठा भाग कापला जाण्यासाठीच असतो.

कोठे कापायचे याच्या खुणा आरएनएतच असतात. बहुतेक इन्ट्रॉन 'जीयू' या अक्षरांनी सुरू होतात आणि 'एजी' या अक्षरांनी संपतात. पण आरएनएमध्ये जीयू आणि एजी पदोपदी येतात. त्यांपैकी खरी खूण कोणती, हे शेजारच्या अक्षरांवरून ओळखावे लागते. ते ओळखणारी आणि कापणारी यंत्रणा पाच लहान आरएनए आणि शंभराहून अधिक प्रथिने यांची बनलेली आहे. 'यू२एएफ१' हे प्रथिन इन्ट्रॉनच्या शेवटचा एजी ओळखते. 'एसएफ३बी१' हे प्रथिन त्याच्या थोडे अलीकडचा, कापणीला आवश्यक असा भाग पकडून ठेवण्यास मदत करते. 'एसआरएसएफ१' आणि 'एसआरएसएफ२' ही प्रथिने एक्झॉनवर बसून 'हा तुकडा ठेवायचा आहे' असे सांगतात.

एकच कच्चा आरएनए वेगवेगळ्या प्रकारे कापता येतो, हे याहून महत्त्वाचे. माणसात प्रथिनांची जनुके सुमारे २०,००० आहेत आणि त्यांपैकी एकाहून अधिक एक्झॉन असलेल्या जनुकांत नव्वद टक्क्यांहून जास्त जनुकांचे असे पर्यायी स्प्लायसिंग होते. मेंदूतील आणि स्नायूतील पेशी एकाच जनुकापासून निरनिराळी प्रथिने करू शकतात. तेव्हा जनुकात काय लिहिले आहे एवढेच पाहून भागत नाही; ते कसे वाचले जाते हेही पाहावे लागते.

रक्त कमी होण्याची चार कारणे

आता शाळेच्या परिचयाच्या विषयाकडे वळू. पांढऱ्या पडलेल्या, लवकर दमणाऱ्या मुलाला 'रक्त कमी आहे' असे आपण म्हणतो. पण त्यामागील बिघाड निरनिराळ्या जागी असू शकतो.

पहिले आणि सर्वांत सामान्य कारण आहारातील लोहाची कमतरता. यात जनुकाचा दोष नसतो. निळी गोळी यासाठीच असते.

दुसरे कारण सिकलसेल. याचा उल्लेख पाठ्यपुस्तकात आहे आणि तो असायलाच हवा. बीटा ग्लोबिनच्या जनुकात एक अक्षर बदलते, त्यामुळे सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते आणि लाल पेशी कोयत्याच्या आकाराची होते. येथे चूक ठेवायच्या तुकड्यात, म्हणजे प्रत्यक्ष शब्दात आहे. फळ्यावरच्या बाणातून हा रोग नीट समजतो. म्हणूनच कदाचित तो पुस्तकांचा आवडता झाला असावा.

तिसरे कारण बीटा थॅलेसेमिया. आपल्या जिल्ह्यात उल्हासनगरच्या सिंधी समाजामुळे हे नाव अनेकांनी ऐकलेले असते. पण हा रोग त्या एका समाजापुरता नाही. भारतात या रोगाला कारण होणाऱ्या बदलांपैकी सर्वांत जास्त आढळणारा बदल पहिल्या इन्ट्रॉनच्या पाचव्या अक्षरावर आहे. तेथे 'जी'च्या जागी 'सी' येतो. हे अक्षर कोणत्याही अमिनो आम्लाचे नाही. ते कापून फेकल्या जाणाऱ्या भागातले आहे. तरीही मूल आजारी पडते. कारण त्या अक्षरामुळे कापण्याची खूण अंधूक होते. यंत्रणा जवळपासच्या दुसऱ्याच जीयूवर कापू लागते आणि योग्य संदेश फार थोडा तयार होतो. फळ्यावरच्या बाणाने हा रोग समजावता येत नाही. पुस्तकातला बाण अपुरा आहे, याचा पुरावा परदेशात शोधायला नको. तो आपल्याच रुग्णालयांत आहे.

चौथे कारण बहुधा उतारवयात दिसते आणि तेथेच आपण कर्करोगाच्या दारात येतो. 'मायलोडिस्प्लास्टिक सिन्ड्रोम' या विकारात अस्थिमज्जेतील रक्तपेशी नीट घडत नाहीत. रक्ताच्या कर्करोगांतच याची गणना होते आणि काही रुग्णांत पुढे तीव्र ल्युकेमिया होतो. २०११ साली जपान आणि ब्रिटनमधील संशोधक गटांनी अशा रुग्णांच्या पेशींतील डीएनए वाचला, तेव्हा अनपेक्षित गोष्ट आढळली. बदल झालेल्या जनुकांत एसएफ३बी१, एसआरएसएफ२, यू२एएफ१ ही नावे वारंवार आली. म्हणजे येथे शब्द बिघडला नव्हता, कापण्याची खूणही बिघडली नव्हती. कात्रीच बदलली होती.

कात्री बदलली की एक संदेश बिघडून थांबत नाही. बदललेले एसएफ३बी१ इन्ट्रॉनच्या खऱ्या शेवटाऐवजी थोड्या अलीकडच्या एजीवर कापणी होऊ देते. अनेक संदेशांत नको असलेली काही अक्षरे शिल्लक राहतात आणि असे बरेच संदेश पेशी नष्ट करते. त्यांत 'एबीसीबी७' या प्रथिनाचा संदेश आहे. लोह-गंधक संयुगांच्या वाहतुकीशी संबंधित असलेले हे प्रथिन कमी पडले, की लोह तंतुकणिकांतच साचत जाते. रक्तपेशी घडवणाऱ्या पेशीत केंद्रकाभोवती लोहाच्या कणांचे कडे दिसू लागते. अशी कडी दिसणाऱ्या रुग्णांपैकी बहुसंख्यांत एसएफ३बी१ बदललेले असते. या रुग्णाच्या शरीरात लोह भरपूर असते, पण ते कामाला लागत नाही. 'रक्त कमी' हे शब्द तेच असले, तरी निळ्या गोळीने हा रोग बरा होणार नाही. म्हणून कारण शोधल्याशिवाय उपचार नको, हा धडा येथून विद्यार्थ्यांना सहज देता येतो.

कात्री आणि कर्करोग

स्प्लायसिंगची प्रथिने कर्करोगाला तीन मार्गांनी हातभार लावतात, असे आज म्हणता येते.

कात्रीचे प्रथिनच बदलणे हा पहिला मार्ग वर आलाच आहे. प्रथिन जसेच्या तसे राहून त्याचे प्रमाण वाढणे हा दुसरा. २००७ साली अमेरिकेतील कोल्ड स्प्रिंग हार्बर प्रयोगशाळेत रोटेम कर्णी, एड्रियन क्रेनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदराच्या पेशींत एसआरएसएफ१चे प्रमाण वाढवले, आणि त्या पेशींपासून उंदरांत गाठी तयार झाल्या. 'बीआयएन१' हे एरवी गाठीला आवर घालणारे प्रथिन आहे. एसआरएसएफ१ जादा झाल्यावर त्याचे जे रूप तयार होते, त्यात तो गुण उरत नाही. बीआयएन१चे जनुक निर्दोषच होते. ते वाचले गेले वेगळ्या रीतीने.

तिसऱ्या मार्गात कात्री ठीक असते, पण कर्करोगाशी संबंधित एखाद्या जनुकातील कापणीची खूण बिघडते. फुप्फुसाच्या कर्करोगाच्या शंभर रुग्णांपैकी सुमारे तिघांत 'एमईटी' या जनुकाचा चौदावा एक्झॉन गळून जातो. ते प्रथिन काम झाल्यावर मोडीत काढण्याची खूण नेमकी त्याच तुकड्यात असते. तुकडा गळाला की प्रथिन रेंगाळते आणि वाढीचा इशारा देतच राहते.

एका जनुकातून परस्परविरोधी अर्थ कसे निघतात याचे उदाहरण 'बीसीएल-एक्स' हे जनुक देते. त्याच्या एका एक्झॉनचा शेवट कोठे धरायचा यावरून दोन प्रथिने बनतात. २३३ अमिनो आम्लांचे लांब रूप पेशीला मरणापासून वाचवते. १७० अमिनो आम्लांचे आखूड रूप तिला मरणाकडे नेते. अनेक कर्करोगांत लांब रूपाचे पारडे जड झालेले आढळते.

दुसऱ्या टोकाची चूक

पाठ्यपुस्तकावर टीका करताना दुसऱ्या टोकाची चूकही दाखवली पाहिजे. 'कर्करोगाचे मूळ सापडले' अशा मथळ्यांच्या बातम्या आपण वाचतो. उद्या 'कर्करोगाला कारण पेशीतील कात्री' असा मथळाही येऊ शकेल. तो खरा मानू नये.

आपल्या भागातील तोंडाच्या कर्करोगाचेच पाहा. भारताच्या कर्करोग-जीनोम प्रकल्पात नवी मुंबईतील खारघरची 'ॲक्ट्रेक' ही टाटा स्मारक केंद्राची संस्था आणि पश्चिम बंगालमधील कल्याणी येथील राष्ट्रीय संस्था सहभागी होत्या. गाल आणि हिरड्यांच्या कर्करोगातील वारंवार बदलणाऱ्या जनुकांची यादी त्यांनी २०१३ साली प्रसिद्ध केली. तीत टीपी५३, एफएटी१, कॅस्पेस-८, एचआरएएस, नॉच-१ ही नावे ठळकपणे आली. रक्ताच्या विकारात पुढे असलेली कात्रीची जनुके या यादीच्या अग्रभागी नाहीत. म्हणजे एका कर्करोगात जे मुख्य, ते दुसऱ्यात मुख्य असेलच असे नाही. आणि यादीत नावे कोणतीही असोत, तोंडाच्या पेशींवर वर्षानुवर्षे मारा करणारी तंबाखू आणि मशेरी हे बाहेरचे कारण आपल्या हातात आहे. पेशीतील कात्रीची गोष्ट सांगताना तंबाखूची गोष्ट झाकली जाणार असेल, तर ती न सांगितलेली बरी.

औषधांच्या बाबतीतही संयम हवा. कात्रीची एक बाजू बदललेली पेशी उरलेल्या चांगल्या कात्रीवरच जगते. तेव्हा तिच्यावर नेम धरला तर कर्करोगाची पेशी आधी मरेल, असा तर्क होता. एसएफ३बी१वर नेम धरणाऱ्या 'ई७१०७' या औषधाच्या चाचण्या काही रुग्णांच्या दृष्टीवर परिणाम झाल्याने थांबवाव्या लागल्या. त्यानंतरच्या 'एच३बी-८८००' या औषधानेही अपेक्षित गुण दिला नाही. कात्री निरोगी पेशींनाही लागते, ही मुख्य अडचण आहे. मात्र वाचनाच्या चुकीचे नेमके निदान उपयोगी ठरल्याची उदाहरणेही आहेत. एमईटीचा चौदावा एक्झॉन गळालेल्या रुग्णांसाठी कॅपमॅटिनिब आणि लोहाची कडी असलेल्या मायलोडिस्प्लास्टिक रुग्णांतील रक्तक्षयासाठी लुस्पॅटरसेप्ट या औषधांना अमेरिकेत २०२० साली मान्यता मिळाली.

वर्गात काय करावे

धडा वाढवावा अशी आमची मागणी नाही. बारावीच्या जीवशास्त्रात स्प्लायसिंग येते. पण दहावीनंतर विज्ञान शाखेकडे न जाणारी मुले मोठ्या संख्येने असतात आणि त्यांच्या हाती तो बाणच राहतो. त्यांच्यासाठी एक तास आणि कागदाच्या चार पट्ट्या पुरतील.

प्रत्येक पट्टीवर हे लिहावे: 'पेशीची वाढ गटचमअगपतअग थांबवणे आवश्यक गटरलवसअग नाही'. नियम सांगावा, की 'गट'पासून सुरू होऊन शेवटच्या लागून आलेल्या 'अग'पर्यंतचा निरर्थक भाग कापायचा आणि उरलेले तुकडे चिकटवायचे. नीट कापले तर वाचता येते: 'पेशीची वाढ थांबवणे आवश्यक नाही'.

आता पहिल्या पट्टीत 'वाढ'चे 'वाट' करावे. ही सिकलसेलच्या जातीची चूक. दुसऱ्या पट्टीत पहिला 'गट' खोडून 'गप' करावा; कापणाऱ्याला खूण सापडत नाही आणि निरर्थक अक्षरे आत राहतात. ही थॅलेसेमियाच्या जातीची. तिसऱ्या पट्टीत काहीच बदलू नये. फक्त कापणाऱ्या विद्यार्थ्याला सांगावे, की पहिला 'अग' दिसताच थांब. 'पतअग' शिल्लक राहील. त्याच विद्यार्थ्याला वर्गातील आणखी अशा पट्ट्या द्याव्यात. ज्या पट्टीत मध्ये एखादा 'अग' आहे, त्या सगळ्या बिघडतील. पट्टी निर्दोष असताना असे का झाले, हे मुलांनाच विचारावे. चौथ्या पट्टीत 'आवश्यक'पाशीच वाक्य संपवून 'नाही' गाळावे आणि दोन्ही वाक्यांचे अर्थ मोठ्याने वाचून घ्यावेत. बीसीएल-एक्सची गोष्ट मग वेगळी समजावावी लागणार नाही.

यानंतर वारशाचा प्रश्न घ्यावा. पहिल्या दोन पट्ट्यांतील चूक आईवडिलांकडून येते. म्हणून सिकलसेल आणि थॅलेसेमियात लग्नाआधीच्या तपासणीला अर्थ आहे. तिसरीतील चूक बहुधा जन्मानंतर, शरीरातील एखाद्या पेशीत वय वाढता वाढता होते आणि त्या पेशीच्या वंशातच राहते. ती मुलाबाळांकडे जात नाही. इतकेच नव्हे, तर एसएफ३बी१ किंवा एसआरएसएफ२मधील असा बदल काही वयस्क माणसांच्या रक्तात आजार नसतानाही सापडतो. बदल असणे आणि रोग असणे या दोन गोष्टी एक नव्हेत. स्तनाच्या कर्करोगातील बीआरसीए१सारखे काही बदल वारशाने येतात हे खरे. पण बहुतेक कर्करोगांमागील बदल आयुष्यात मिळवलेले असतात.

शिक्षकांनी भाषेतही थोडी काळजी घ्यावी. 'जनुक म्हणजे आराखडा' असे म्हणण्याऐवजी 'जनुक म्हणजे मजकूर, पेशी त्याची वाचक' असे म्हणता येईल. 'कर्करोगाचे जनुक' हा शब्दप्रयोग तर टाळावाच. असे जनुक कोणाकडेही नसते. निरोगी कामासाठी असलेले जनुक किंवा त्याचे वाचन बिघडते, इतकेच.

आईला कर्करोग झालेली मुलगी वर्गात बसलेली असते. पहिल्या बाणाच्या पोटात काय दडले आहे हे तिला कळले, तर 'आता माझी पाळी' ही भीती मनात कोंडून न ठेवता ती विचारू शकेल, की आईच्या पेशीतील चूक कोणत्या जातीची आहे. डॉक्टरही नेमका हाच प्रश्न विचारतात. शहापूर-मुरबाडच्या शाळेत तो विचारण्याइतके विज्ञान मुलांना मिळावे, एवढ्यासाठी ही टीका.